उकळी आली म्हणजे शिजले का?



विहारात महिला मंडळाची बैठक झाली, आरोग्याचे बोलणे निघाले की सर्वांत जास्त प्रश्न स्वयंपाकाचेच येतात. डाळीला किती शिट्ट्या द्यायच्या? रात्रीचा भात सकाळी पोरांना द्यावा का? रेशनच्या तांदळात प्लास्टिक असते का? डुकराचे मटण खाल्ल्याने फिट येते का? प्रश्न विचारताना बायका जरा लाजतात. "इतकी वर्षे रांधतो, आता काय विचारायचे" असे वाटते. पण हे प्रश्न लहान नाहीत. पाऊस लागला की जुलाब-उलटीने सुकलेली लेकरे दवाखान्यात कशी येतात हे आम्ही वॉर्डात काम करताना पाहिले आहे. आईने निगा राखलेली नसते असे नाही. घरात पाणी तासभर येते, फ्रिज नाही, सिलिंडर पुरवून वापरायचा असतो, सकाळी कामाला जायचे म्हणून रांधणे रात्रीच उरकायचे असते. या सगळ्या अडचणी धरूनच अन्न सुरक्षित कसे राहील ते या वेळी पाहू.

शिजणे म्हणजे नेमके काय?

आपण बोटाने दाबून, चव घेऊन, रंग बघून शिजले की नाही ते ठरवतो. मऊपणासाठी ते ठीक आहे. पण जंतू मेले की नाहीत हे कळायला दोनच प्रश्न विचारायचे. पहिला: उष्णता अगदी आतपर्यंत पोहोचली का? दुसरा: शिजल्यावर अन्न किती वेळ तसेच पडून राहिले?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की अन्नाचा मधला भागसुद्धा ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापला पाहिजे. तेवढ्या उष्णतेत रोग करणारे बहुतेक जंतू मरतात. आणि ५ ते ६० अंशांच्या मध्ये अन्न राहिले तर जंतू भराभर वाढतात. आता विचार करा, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ३५-४० अंश उष्णता असते. म्हणजे आपली खोलीच जंतूंच्या वाढीसाठी ऊबदार जागा झाली. म्हणून दुसरा प्रश्न आपल्याकडे पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. पुढची सगळी उत्तरे या दोन प्रश्नांवरच उभी आहेत.

मोठ्या आचेवर लवकर शिजते का?

उकळी फुटेपर्यंत मोठी आच कामाची. त्यानंतर नाही. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरसारख्या उंच जागी ते ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून तिथे डाळ शिजायला वेळ लागतो. एकदा उकळी आली की खाली कितीही जाळ लावा, उघड्या भांड्यातले पाणी त्याच्यापेक्षा जास्त तापत नाही. जास्तीचा गॅस फक्त पाण्याची वाफ करण्यात जातो.

म्हणून उकळी फुटली की आच कमी करा, एवढीच की बुडबुडे चालू राहतील. भांड्यावर झाकण ठेवा. भांड्याच्या बुडाबाहेर ज्योत जाऊ देऊ नका. अन्न तेवढ्याच वेळात शिजते आणि सिलिंडर जास्त दिवस जातो.

मात्र कडेला पहिले बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे. भांडे भरलेले असेल तर कडा उकळत असतात आणि मध्ये कोमट असते. ढवळल्यावरही उकळी थांबत नाही, तेव्हा ती खरी उकळी.

कुकरच्या किती शिट्ट्या?

कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि आतली उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते. म्हणून उघड्या भांड्यात तासभर लागणारे काम कुकरमध्ये थोड्या वेळात होते. चिवट मटण, हरभरा, चवळी यांना कुकरच बरा.

शिट्ट्यांचा हिशोब मात्र फसवा आहे. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, मंद आचेवर त्याच पाच शिट्ट्यांना बराच वेळ लागतो. अन्न शिट्टीने शिजत नाही, वेळेने शिजते. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ पाहा. भिजवलेल्या तूरडाळीला त्यानंतर आठ-दहा मिनिटे पुरतात, हरभऱ्याला वीस-पंचवीस मिनिटे धरा. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. तोपर्यंत आतले अन्न फुकटात शिजत असते.

आणि जिवाची गोष्ट: घाईत शिट्टी उचलून वाफ सोडायची, झाकणाशी झटापट करायची, हे करू नका. कुकर दोन तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका. डाळ-तांदूळ फेसाळतात, त्यांना निम्माच भरा. शिट्टीखालची नळी रोज उजेडाकडे धरून आरपार दिसते का पाहा. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर तिथे खिळा किंवा नाणे बसवून काम भागवू नका. अशा कुकरचा बॉम्ब व्हायला वेळ लागत नाही.

पिण्याचे पाणी किती वेळ उकळावे?

वीस मिनिटे पाणी उकळायचे असे अजून पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. त्यामुळे बायका "एवढा गॅस कुठून आणू" म्हणून उकळतच नाहीत. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. कॉलरा, टायफॉइड, कावीळ पसरवणारे जंतू तेवढ्यात मरतात. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या आणि दुहेरी कापडातून गाळा.

उकळल्यावर त्याच भांड्यात झाकून गार करा. हंड्यात हात घालून तांब्या बुडवला तर उकळण्याची मेहनत वाया गेली. लांब दांड्याचा ओगराळा किंवा तोटीचा माठ वापरा. उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्यातला फ्लोराइड, नायट्रेट किंवा कारखान्याची घाण जात नाही. बोअरच्या पाण्याबद्दल शंका असेल तर ते तपासून देण्याची मागणी ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे करावी. तो आपला हक्क आहे.

डाळ आणि कडधान्य: भिजवणे कशासाठी? सोडा घालावा का?

कडधान्य रात्रभर भिजवले की लवकर शिजते, पोटाला हलके जाते आणि त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. खाण्याचा सोडा घातल्याने डाळ लवकर मऊ होते हे खरे, पण त्याने 'ब' गटातले थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. आपल्या ताटात डाळ हाच रोजचा आधार. तिच्यातले सत्त्व सोड्याने घालवू नये. त्यापेक्षा भिजवा आणि कुकर वापरा. चिंच, कोकम, टोमॅटो मात्र डाळ शिजल्यावरच घाला. आंबटाने डाळ आकसते आणि शिजायला वेळ लागतो.

राजमा मात्र वेगळा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. थोडे दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत जोरात उलट्या होऊ शकतात. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, नवे पाणी घालून चांगली उकळी आणून शिजवा. कुकर असेल तर उत्तम. उकळी न आणता मंद, कोमट आचेवर तासन्‌तास ठेवलेला राजमा जास्त धोक्याचा ठरतो.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचक लाखोळीच्या डाळीबद्दल विचारतात. ही डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतली शक्ती जाऊ शकते. गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकल्याने विष कमी होते, पूर्ण जात नाही. म्हणून रोजच्या जेवणात तिच्यावर भिस्त ठेवू नये.

मोड आलेली मटकी-मूग चांगलेच. पण मोड यायला ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. लहान मुले, गरोदर बाई आणि आजारी माणूस यांना मोड उकडूनच द्या.

रेशनच्या तांदळात प्लास्टिक असते का?

नाही. रेशनच्या तांदळात थोडे वेगळ्या रंगाचे दाणे दिसले आणि काही पाण्यावर तरंगले, तर ते पोषक दाणे असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकारात ते बनवलेले आणि १०० दाण्यांमागे एक या प्रमाणात, म्हणजे किलोमागे १० ग्रॅम, मिसळलेले असतात. कित्येक बायका हे दाणे निवडून फेकतात. ज्या घरात मुलीचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्याच घरात लोहाचे दाणे केरात जातात. असे करू नका.

तांदूळ चोळून चोळून पाच पाण्यांनी धुऊ नका, दोनदा हलके धुणे पुरे. भरपूर पाण्यात भात शिजवून पेज ओतून टाकली तर जीवनसत्त्वे पेजेबरोबर जातात. लागेल तेवढेच पाणी घाला. पेज काढायचीच असेल तर मीठ घालून मुलांना, म्हाताऱ्यांना प्यायला द्या.

पालेभाजी उकळल्याने सत्त्व जाते का?

काही जाते, काही राहते. लोह उष्णतेने मरत नाही. 'क' जीवनसत्त्व आणि फोलेट मात्र उष्णतेने कमी होतात आणि पाण्यात उतरतात. म्हणून मेथी, चवळई, अंबाडी, शेवग्याचा पाला आधी निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्यात गेले. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, कमी वेळ शिजवा. भाजीचे पाणी फेकू नका, आमटीत घाला. वाफवलेल्या भाजीत पाण्याचा संबंध कमी येतो, म्हणून सत्त्व जास्त टिकते.

जेवताना वरून लिंबू पिळा. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. तासभर तरी थांबा. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडे लोह भाजीत उतरते. आजीची ती कढई भंगारात घालू नका. फक्त केलेली भाजी त्यात ठेवू नका, लगेच काढा.

मटण, कोंबडी, वजडी: नीट शिजले कसे ओळखावे?

मटणाच्या सबंध तुकड्यावर जंतू बहुधा बाहेरच्या बाजूला असतात. खिमा मात्र वेगळा. कुटताना बाहेरचे जंतू आत जातात, म्हणून खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे. कोंबडीत पोटाचे आजार करणारे जंतू बऱ्याचदा असतात. सर्वांत जाड तुकडा फोडून पाहा. आतून वाफ निघाली पाहिजे, रस स्वच्छ असला पाहिजे, कच्चे गुलाबी मांस दिसता कामा नये. वजडी, मुंडी, पाये आधी गरम पाण्याने नीट साफ करून कुकरमध्ये शिजवा. काळीज पटकन शिजते म्हणून आतून लाल ठेवू नका. काळजात लोह आणि बी-१२ भरपूर असते, हिमोग्लोबिन कमी असलेल्यांना ते उपयोगी आहे. गरोदर बाईने मात्र ते वारंवार आणि जास्त खाऊ नये, कारण त्यातले 'अ' जीवनसत्त्व अति झाले तर बाळाला त्रास होऊ शकतो. नर्सताईंना विचारून प्रमाण ठरवा.

कोंबडी धुताना नळाची जोराची धार सोडू नका. शिंतोडे कोथिंबिरीवर, भाकरीच्या पिठावर, बाळाच्या वाटीवर उडतात. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, पाणी जपून ओता, हात आणि विळी साबणाने धुवा. ज्या विळीवर कोंबडी कापली, तीवर न धुता कांदा चिरू नका. कांदा कच्चाच ताटात येणार असतो.

सुकट आणि बोंबील आधी धुऊन, भाजून मग कालवणात टाका. त्यात मीठ भरपूर असते. रक्तदाबाच्या माणसाने कमी घ्यावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये.

डुकराचे मटण खाल्ल्याने डोक्यात किडे होऊन फिट येते, हे खरे का?

या प्रश्नाआडून आपल्या लोकांना फार ऐकावे लागते, म्हणून नीट समजून घेऊ. डुकराच्या मटणात कधीकधी पट्टकृमीच्या अळ्या दाण्यासारख्या असतात. ते मटण कच्चे राहिले तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. पूर्ण शिजवल्यावर अळ्या मरतात. दाणे दिसले तर असे मटण घेऊच नये.

मेंदूतल्या अळ्यांची वाट मात्र वेगळी आहे. ज्या माणसाच्या पोटात पट्टकृमी आहे, त्याच्या शौचातून त्याची अंडी बाहेर पडतात. उघड्यावरच्या घाणीतून ती पाण्यात, भाजीवर, हातावर येतात आणि तोंडावाटे पोटात जातात. मग अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि फिट येऊ शकते. म्हणजे ज्याने जन्मात डुकराचे मटण चाखले नाही, त्यालाही न धुतलेल्या कोबी-मुळ्यातून हा आजार होऊ शकतो. उपाय तीन: मटण पूर्ण शिजवणे, कच्ची भाजी धुणे, आणि शौचानंतर साबणाने हात धुणे. चौथा उपाय आपल्या हातात एकट्याने नाही. तो म्हणजे वस्तीत चालू स्थितीतले, पाणी असलेले संडास. ते मागताना कुणी "तुमच्या खाण्यानेच रोग होतात" म्हणाले तर ही माहिती त्यांच्यापुढे ठेवा.

अंडी आणि दूध

पाण्याला उकळी फुटल्यावर अंडे दहा मिनिटे ठेवले की पिवळा बलक घट्ट होतो. मुलांना आणि गरोदर बाईला असेच द्या, कच्चे अंडे दुधात फेटून देऊ नका. कच्च्या अंड्याने जास्त ताकद येते हा समज चुकीचा आहे. उलट शिजलेल्या अंड्यातली प्रथिने शरीराला जास्त मिळतात. बलकाभोवती हिरवट कडा आली तर घाबरू नका, ती जास्त उकळल्याने येते.

सुटे दूध उतू येईपर्यंत तापवा आणि आच कमी करून ढवळत एक-दोन मिनिटे ठेवा. पिशवीचे दूध कारखान्यात तापवून गार केलेले असते, तेही आपल्याकडे घरी येईपर्यंत गरम होते म्हणून एकदा तापवलेले बरे. फ्रिज नसेल तर एकदम लिटरभर घेण्यापेक्षा लागेल तेवढेच घ्या. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध. वरचे दूध नको, पाणीही नको.

भाजणे आणि तळणे

भाकरी टम्म फुगते, कारण आतल्या पाण्याची वाफ होते. म्हणजे फुगलेली भाकरी आतून १०० अंशांपर्यंत पोहोचली. भाजण्याची ही सर्वांत सोपी परीक्षा. मटण किंवा मासा निखाऱ्यावर भाजताना मात्र फसगत होते. वरून काळे, आतून कच्चे. निखाऱ्यापासून थोडे दूर ठेवून सावकाश भाजा आणि करपलेला भाग काढून टाका.

तळताना जाड भजी मोठ्या आचेवर टाकली तर तेच होते. तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. काळे पडलेले, फेस येणारे, लवकर धूर सोडणारे तेल शरीराला वाईट. एकदा तळलेले तेल गाळून फोडणीला दोन-तीन दिवसांत संपवा.

रात्रीचा भात सकाळी चालतो का?

आता सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येऊ. तांदळात असा एक जंतू असतो, जो उकळल्यावरही बीजाच्या रूपात कवच घालून जिवंत राहतो. भात कोमट झाला की तो कवच सोडून वाढू लागतो आणि भातात विष तयार करतो. सकाळी फोडणी दिली तर जंतू मरेल, विष मरत नाही. असा भात वासाने, चवीने चांगलाच वाटतो. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

म्हणून शिजलेले अन्न दोन तासांच्या आत संपवा. उरलेच आणि फ्रिज असेल तर मोठ्या पातेल्यात तसेच न ठेवता परातीत पसरून लवकर गार करा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या दिवशी एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करून संपवा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रात्रीचा भात, रस्सा, डाळ सकाळी लहान मुलांना, गरोदर बाईला आणि म्हाताऱ्यांना देऊ नका.

अन्न टाकणे जिवावर येते. आम्हालाही येते. उपासमार पाहिलेल्या घरांना अन्न फेका म्हणणे सोपे नाही. म्हणून रांधतानाच हिशोब करा: रात्री भात मोजून टाका, उरायचेच असेल तर भाकरी उरू द्या. भाकरीत ओल कमी, म्हणून ती भातापेक्षा बरी टिकते. शेंगदाण्याची कोरडी चटणी, भाजलेले चणे, गूळ यांचा सकाळचा डबा भातापेक्षा सुरक्षित आहे.

भोजनदानाचा स्वयंपाक

१४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमा, दोन्ही ऐन उन्हाळ्यात येतात. मोठ्या मिरवणुकीनंतर भोजनदान, कुठे खीरदान. शेकडो लोक, त्यात लहान मुले, लांबून आलेली म्हातारी माणसे. इथे चूक झाली तर एका घराला नाही, अख्ख्या वस्तीला त्रास होतो.

धोका कसा होतो ते पाहा. पहाटे तीनला मोठ्या पातेल्यात भात आणि मटण होते, जेवण दुपारी दीड-दोनला. मोठे पातेले वरून गार होते पण मध्ये तासन्‌तास कोमट राहते. मटणाच्या आणि डाळीच्या घट्ट रश्शातही कवच घालणारे जंतू असतात, त्यांना हेच हवे असते. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांत पोटात मुरडा आणि जुलाब होतात.

मंडळाने एवढे करावे. जेवण किती वाजता आहे ते आधी ठरवून त्याच्या मागे मोजत स्वयंपाक सुरू करावा. एकच मोठे पातेले करण्यापेक्षा दोन-तीन खेपांत शिजवावे. वाढेपर्यंत रस्सा आणि डाळ मंद आचेवर, वाफ निघत राहील अशी ठेवावी. खीर आयत्या वेळी करावी, आदल्या रात्री नाही. ज्याच्या हाताला फोड, जखम आहे किंवा ज्याला जुलाब होत आहेत, त्याने वाढायला येऊ नये, मंडपाचे काम करावे. फोडातल्या जंतूचे विषही उकळून जात नाही. हात धुण्यासाठी साबण आणि पाण्याचा ड्रम मंडपात ठेवावा. उरलेले अन्न संध्याकाळी घरोघर वाटू नये.

उकळून जात नाही असे काय?

काही गोष्टी कितीही उकळा, जात नाहीत. हिरवे पडलेले आणि मोठे कोंब आलेले बटाटे असे आहेत. त्यातले विष उकळूनही राहते. थोडा हिरवा भाग असेल तर खोल कापून टाका, सगळा हिरवा असेल तर फेका. बुरशी आलेले शेंगदाणे, मका यातले विषही शिजवून जात नाही. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात चिंच, ताक, टोमॅटोचे काही शिजवू किंवा ठेवू नका. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रोजचा स्वयंपाक चालतो, आंबट पदार्थ साठवू नका.

एवढे करूनही त्रास झाला तर

उलटी-जुलाबात शरीरातले पाणी आणि मीठ जाते, धोका त्याचा असतो. ओआरएसचे पाकीट आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाकिटावर लिहिले आहे तेवढ्याच स्वच्छ पाण्यात, बहुतेक पाकिटांना एक लिटर, पूर्ण पाकीट घाला आणि २४ तासांत संपवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त होऊ देऊ नका. मुलाला घोट-घोट, चमच्या-चमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका. मुलांना झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते, जुलाब आधी थांबले तरी पूर्ण करा.

शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त, पाणी पीत नाही, लघवी सहा-आठ तास झाली नाही, तर घरी थांबू नका. लगेच दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. एकाच जेवणानंतर अनेक घरांत त्रास झाला तर आशाताई आणि आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. लपवल्याने मंडळाची अब्रू राहत नाही, लेकरे मात्र उशिरा दवाखान्यात पोहोचतात.

चुलीशेजारी लावायचे पाच नियम

१. हात, विळी आणि भांडी स्वच्छ ठेवा.
२. कच्चे मटण-मासे आणि शिजलेले अन्न वेगळे ठेवा.
३. आतपर्यंत वाफ निघेस्तोवर शिजवा.
४. गरमागरम, दोन तासांच्या आत खा.
५. स्वच्छ पाणी आणि ताजा माल वापरा.

हे पाच नियम जागतिक आरोग्य संघटनेने जगभरासाठी सांगितले आहेत. मुलीकडून मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घ्या आणि भिंतीला चिकटवा. घरातल्या पुरुषांनीही वाचावे, कारण रांधणे एकट्या बाईचे काम नाही. पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा: आपल्या वस्तीत पाणी किती वाजता येते, संडास चालू आहेत का, अंगणवाडीत मुलांचे जेवण ताजे मिळते का? चुलीवरचे अर्धे काम आपण करू. उरलेले अर्धे काम ज्यांचे आहे, त्यांच्याकडून ते करून घेऊ.